शोधनिबंध उघडायला पैसे मागतात. दुसरी प्रत कुठे शोधू?

पत्र असं आहे: "शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले. मुलांसाठी निघणाऱ्या एका छोट्या मासिकात मूळ शोधनिबंधांवर लिहायचं मनात आहे. न्यूटनचा लोलकाचा लेख, मेंडेलचा वाटाण्यांचा आणि आइन्स्टाइनचा १९०५ चा सापेक्षतेचा, एवढे तरी मुळातून पाहायचे आहेत. आइन्स्टाइनच्या लेखाचा संदर्भ पुस्तकात 'खंड १७, पृष्ठ ८९१' असा दिलाय. प्रकाशकाच्या साइटवर खंड १७ उघडला तर शंभर वर्षं आधीचं काहीतरी निघतं! शिवाय झोप आणि स्मरणशक्ती यांच्यावरचा एक नवा अभ्यास वर्तमानपत्रात वाचला. तो बघायला गेले, तर सारांशाच्या पुढे चोवीस तासांसाठी डॉलर मागतात. कुठल्याही विद्यापीठाशी माझा संबंध नाही. भाचा म्हणतो, एक साइट आहे, तिथे सगळं फुकट मिळतं. वापरू का? आणि असे लेख मराठीत आणले तर चालतं का?"

नमस्कार,

नव्या लेखापासून सुरुवात करू. जुन्यांना वेळ लागेल.

ते डॉलर प्रकाशक स्वतःच्या साइटवरच्या प्रतीसाठी मागतो. त्यातलं लेखकांच्या हाती सहसा काही पडत नाही, आणि लेख तपासणारे समीक्षकही बहुतेक वेळा बिनपैशाचंच काम करतात. त्याच लेखाच्या आणखी प्रती मात्र उघड्यावर आणि कायदेशीर असू शकतात. नियतकालिकाकडे पाठवण्याच्या सुमाराची एक प्रत असते, तिला प्रीप्रिंट म्हणतात. समीक्षकांच्या शेऱ्यांप्रमाणे दुरुस्त होऊन मंजूर झालेली, पण छपाईची मांडणी व्हायची असलेली दुसरी. ते स्वीकृत हस्तलिखित. आणि तिसरी प्रकाशकाने सजवलेली, पृष्ठांक घातलेली अंतिम प्रत. कुलूप बहुधा या तिसरीला असतं. तुमच्या कामाला दुसरीही तितकीच चालेल, कारण समीक्षेनंतरचा मजकूर तिच्यात आलेला असतो. पहिली वाचताना मात्र जपून, त्याबद्दल पुढे सांगतो.

आधी लेखाची ओळख पक्की करा. वर्तमानपत्रातल्या बातमीत लेखाचं शीर्षक जवळजवळ कधीच नसतं. नियतकालिकाचं नाव, विद्यापीठाचं नाव आणि एखाद्या संशोधकाचं आडनाव एवढं उचला आणि त्यावरून विद्यापीठाचं प्रसिद्धिपत्रक शोधा. त्याच्या तळाशी लेखाचं पूर्ण शीर्षक आणि बहुधा डीओआय सापडतो. डीओआय म्हणजे लेखाचा कायमचा क्रमांक. त्याची सुरुवात दहा आणि टिंब अशी होते, पुढे आकडे, मग तिरकी रेघ आणि त्यानंतर प्रकाशकाने दिलेली अक्षरं. डीओआय डॉट ओआरजी या पत्त्यापुढे तो जोडला की लेखाचं पान उघडतं.

उघडलं नाही, तर क्रमांक चुकलाय असं लगेच धरू नका. वाक्याच्या शेवटचं टिंब किंवा कंसाची शेवटची खूण कॉपी करताना सोबत येते, हे नेहमीचं दुखणं. छापलेल्या कागदावरून टाइप करत असाल तर शून्य आणि इंग्रजी 'ओ' यांची गल्लत होते. १९९० च्या दशकातल्या काही लेखांच्या डीओआयमध्ये कंस आणि कोनी कंस असतात. पत्त्याच्या पट्टीत ते तुटतात. अशा वेळी डीओआय डॉट ओआरजीच्या मुख्य पानावर चौकट आहे, तिथे क्रमांक चिकटवा. किंवा क्रॉसरेफ, म्हणजे प्रकाशकांच्या डीओआयची नोंद ठेवणारी संस्था, तिच्या साइटवरच्या शोधात लेखाचं शीर्षक घाला.

आता ब्राउझरमध्ये अनपेवॉल हे एक्स्टेन्शन बसवा. फुकट आहे, आणि ते कायदेशीर प्रतीच शोधतं. प्रकाशकाचं पान उघडलं की उजव्या कडेला कुलपाची छोटी पट्टी दिसते. हिरवी आणि उघडी असेल तर तिच्यावर क्लिक केलं की प्रत समोर येते. राखाडी असेल तर त्याला सापडली नाही, एवढाच अर्थ घ्या. अनपेवॉल मुख्यतः संस्थांच्या आणि विषयांच्या संग्रहांत पाहतं, रिसर्चगेटसारख्या, संशोधक स्वतः लेख टाकतात त्या जागा मुद्दाम सोडतं, आणि लेखकाच्या स्वतःच्या पानावर टाकलेली पीडीएफ त्याच्या नजरेतून निसटते. म्हणून राखाडी दिसलं की शीर्षक अवतरणचिन्हांत घालून गूगल स्कॉलरमध्ये शोधा आणि लेखाच्या नोंदीखाली 'सर्व आवृत्त्या' अशा अर्थाची जी ओळ असते ती उघडा. लोक वरची पहिली नोंद बघून परत फिरतात. फुकट प्रत बऱ्याचदा त्या यादीत चौथ्या-पाचव्या जागी बसलेली असते.

झोपेचा अभ्यास वैद्यकाच्या किंवा मेंदूविज्ञानाच्या बाजूचा असणार, तेव्हा पबमेड सेंट्रल बघाच. हे आणि पबमेड एक नव्हे. पबमेडमध्ये नोंदी आणि सारांश असतात; पबमेड सेंट्रलमध्ये पूर्ण लेख, २००० सालापासून, सगळ्यांना खुले. दोघांचे क्रमांकही वेगळे. पबमेडचा नुसता आकडा असतो, सेंट्रलच्या क्रमांकाआधी पीएमसी ही अक्षरं असतात. पबमेडमध्ये डाव्या बाजूला फक्त मोफत पूर्ण लेख दाखवणारी गाळणी आहे, ती लावा.

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या, म्हणजे एनआयएचच्या, पैशावर झालेलं संशोधन तिथे ठेवणं २००८ पासून बंधनकारक आहे. आधी प्रकाशनानंतर १२ महिन्यांपर्यंत थांबायची मुभा होती. १ जुलै २०२५ पासून मंजूर होणाऱ्या लेखांना ती राहिली नाही. प्रकाशनाच्या दिवशीच स्वीकृत हस्तलिखित खुलं व्हायला हवं. तेव्हा लेखाच्या शेवटी, आभारांच्या जवळ, पैसा कुणी दिला ते वाचा. एनआयएच दिसलं आणि लेख जुन्या नियमातला असेल, तर कदाचित थोडे महिने थांबलं की झालं. तिथली हस्तलिखितं प्रकाशकाच्या अंतिम मांडणीत नसतात आणि त्यांचे पृष्ठांक निराळे असतात. मासिकात संदर्भ देताना पृष्ठं प्रकाशित लेखाचीच द्या.

प्रीप्रिंटसाठी जीवशास्त्रात बायोआर्काइव्ह, वैद्यकात मेडआर्काइव्ह, मानसशास्त्रात सायआर्काइव्ह. भौतिकशास्त्र, गणित आणि संगणकशास्त्र यांचं आर्काइव्ह या सगळ्यांत थोरलं, १९९१ मध्ये पॉल गिन्स्पार्ग यांनी सुरू केलेलं. शोधताना पूर्ण शीर्षकावर विसंबू नका. समीक्षेत शीर्षकं बदलतात. 'सिद्ध करते'चं 'सूचित करते' होतं. पहिल्या लेखकाचं आडनाव आणि लेखातली एखादी विरळ संज्ञा, एवढं पुरतं. बायोआर्काइव्हवर लेख पुढे छापून आला असेल तर तशी ओळ शीर्षकाखाली दिसते. ती नसेल, तर समीक्षकांनी तो लेख अजून पाहिलेला नाही असं समजून वाचा, आणि मुलांच्या मासिकात तरी तसल्या लेखावरून आरोग्याचं काही लिहू नका.

एवढं करूनही हाती लागलं नाही, तर लेखकाला लिहा. संकोच करू नका, हा संशोधकांतला जुना रिवाज आहे. पूर्वी छापील सुट्या प्रती टपालाने मागवत, आता ईमेलने पीडीएफ येते. सारांशाच्या पानावर एका लेखकाच्या नावाशी पाकिटाची खूण असते, पत्ता त्याचा. तीन-चार ओळी पुरेत: लेखाचं शीर्षक, डीओआय, तुम्ही कोण, कशासाठी हवा आणि 'आपली स्वीकृत हस्तलिखिताची प्रतही चालेल' हे वाक्य. हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं. अंतिम पीडीएफ पाठवायची का, याबद्दल काही लेखक साशंक असतात. हस्तलिखित पाठवायला बहुतेकांची हरकत नसते. आठ-दहा दिवसांत उत्तर नाही आलं तर दुसऱ्या लेखकाला लिहा. संशोधक नोकऱ्या बदलतात आणि छापलेला पत्ता मरतो. नवा पत्ता त्यांच्या सध्याच्या विद्यापीठाच्या पानावर मिळतो. एक आडवाटही आहे. पहिला लेखक पीएचडीचा विद्यार्थी असेल तर त्याचा प्रबंध विद्यापीठाच्या संग्रहात खुला असण्याची शक्यता चांगली, आणि लेखातला मजकूर त्यात एखाद्या प्रकरणाच्या रूपात असतो, पुष्कळदा जास्त सविस्तर.

प्रत मिळाली की वाचायच्या आधी एक मिनिट खर्च करा. लेख मागे घेतलेला नाही ना, हे प्रकाशकाच्या पानावर जाऊन बघा. ते पान आणि सारांश फुकटच असतात. लेखकाच्या पानावर पडून राहिलेल्या पीडीएफवर 'मागे घेतला' असा शिक्का आपोआप उमटत नाही. एमएमआर, म्हणजे गोवर-गालगुंड-रुबेलाच्या, लशीचा ऑटिझमशी संबंध सुचवणारा 'द लॅन्सेट'मधला १९९८ चा लेख २०१० मध्ये मागे घेतला गेला, पण आधी उतरवून घेतलेल्या प्रतींना त्याचा पत्ताच नव्हता. रिट्रॅक्शन वॉचची अशा लेखांची यादी २०२३ पासून क्रॉसरेफतर्फे सगळ्यांना खुली आहे. आणि फुकट वाचायला मिळतो म्हणून लेख हलका, किंवा उलट खुला म्हणून चांगला, असं काहीही नसतं. नियतकालिक अनोळखी असेल तर खुल्या नियतकालिकांच्या सूचीत, म्हणजे डीओएजेमध्ये, त्याचं नाव आहे का ते पाहा.

आता जुने लेख. इथे अडचण पैशाची कमी आणि संदर्भ वाचण्याची जास्त.

न्यूटनचा सगळ्यात सोपा. रॉयल सोसायटीचं 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स' मार्च १६६५ मध्ये सुरू झालं आणि सोसायटीने ७० वर्षांहून जुने सगळे लेख ऑक्टोबर २०११ मध्ये कायमचे खुले केले. तेव्हाच ते साधारण ६०,००० होते. खातं उघडावं लागत नाही. लोलक आणि रंगांवरचं पत्र अंक ८०, पृष्ठं ३०७५ ते ३०८७. तारीख मात्र कुठे १६७१ दिसेल, कुठे १६७२, कुठे दोन्ही तिरक्या रेघेने जोडलेली. तिन्ही बरोबर. इंग्लंडमध्ये त्या काळी वर्ष २५ मार्चला बदलायचं, त्यामुळे फेब्रुवारीतला अंक त्यांच्या लेखी १६७१ चा आणि आपल्या लेखी १६७२ चा. ही भानगड १७५२ पर्यंत चालते. जानेवारी ते २४ मार्च या काळातला त्याआधीचा कुठलाही इंग्रजी लेख सापडेना, की एक वर्ष मागेपुढे करून बघा.

न्यूटनच्या पानांत शब्द शोधायला जाल तर आणखी एक गंमत होईल. त्या छपाईत शब्दाच्या सुरुवातीचा आणि मधला 'एस' लांब दांडीचा असतो, दिसायला थेट 'एफ'सारखा. स्कॅनवरून अक्षरं ओळखणारं यंत्र, म्हणजे ओसीआर, त्याला 'एफ'च वाचतं. म्हणून 'स्पेक्ट्रम' शोधून काही मिळालं नाही तर त्यातला 'एस' काढून तिथे 'एफ' टाकून शोधा. हसू नका, सापडतं. जर्मन मजकुरात फ्राक्टूर, म्हणजे जुन्या टोकदार वळणाची, छपाई असेल तर ओसीआर याहून वाईट वागतो. तिथे शब्दशोध सोडून अनुक्रमणिकेचं पान गाठा आणि पृष्ठांकाने जा.

मेंडेलसाठी बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी. जुन्या प्राणी-वनस्पतीशास्त्राच्या नियतकालिकांची कोट्यवधी पानं तिथे खुली आहेत. ब्रून, म्हणजे आजच्या ब्रनो, इथल्या निसर्गअभ्यासक मंडळाच्या कार्यवृत्ताचा चौथा खंड तुम्हाला हवा. मेंडेलने निबंध वाचला १८६५ मध्ये, खंडही १८६५ सालचा, पण छापून आला १८६६ मध्ये. त्यामुळे एका वर्षावर शोध बांधून ठेवू नका. लेख पृष्ठ ३ ते ४७. खंडात सभांची वृत्तं आणि निबंध असे दोन भाग आहेत आणि त्यांचे पृष्ठांक वेगवेगळे चालतात, तेव्हा पहिलं पृष्ठ ३ दिसलं म्हणून तिथे थांबू नका. पुढे सरका, निबंधांचा भाग लागेपर्यंत.

स्कॅन केलेल्या खंडांत पडद्यावर दिसणारा पानाचा क्रमांक आणि छापील पृष्ठांक जुळत नाहीत हेही लक्षात ठेवा. मुखपृष्ठ, कोरी पानं, प्रस्तावना असं सगळं स्कॅनमध्ये मोजलं जातं. खंडाची अख्खी पीडीएफ उतरवायच्या भरीस पडू नका, अवाढव्य असते. या लायब्ररीत हवी तेवढीच पानं निवडून पीडीएफ करता येते. दुसऱ्या कुठल्या लेखाला चित्रं असतील तर ती जुन्या खंडांत बहुधा लेखाजवळ नसून शेवटी एकत्र असतात. घडीची चित्रपत्रं काही संग्रहांत घडी न उघडताच स्कॅन झाली आहेत, विशेषतः गूगल बुक्समध्ये. अर्धवट आकृती दिसली की तोच खंड इंटरनेट आर्काइव्हवर दुसऱ्या ग्रंथालयाने चढवलाय का ते बघा. हाथीट्रस्टवरही खंड पुष्कळ आहेत, पण तिथे काही फक्त अमेरिकेतल्या वाचकांना पूर्ण दिसतात. तुमच्यापुढे नुसता शब्दशोध आला तर दोष तुमचा नाही.

आता तुमचा खंड १७. आइन्स्टाइनचा लेख ज्यात आला, त्या 'अनालेन डेर फिजिक' या जर्मन नियतकालिकाने प्रत्येक नव्या मालिकेत खंडांची मोजणी पुन्हा एकपासून केली. १९०० पासून चौथी मालिका. तुमच्या पुस्तकातला १७ हा त्या मालिकेतला. प्रकाशकाची साइट मात्र मालिका न मानता पहिल्या खंडापासून सलग मोजते, म्हणून तिच्यावरचा १७ हा एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीचा निघतो. चौथ्या मालिकेच्या खंडात ३०५ मिळवा. १७ चा ३२२ होतो, आणि ३२२ मध्ये पृष्ठ ८९१ वर तुमचा लेख आहे. प्रकाशविद्युत परिणामाचा लेखही त्याच खंडात, पृष्ठ १३२ वर. वस्तुमान-ऊर्जेचा खंड १८, म्हणजे ३२३, पृष्ठ ६३९. 'फिलॉसॉफिकल मॅगझिन' या जुन्या इंग्रजी नियतकालिकातही मालिकांचा हाच घोळ आहे. संदर्भात खंडाच्या आधी एखादा सुटा आकडा किंवा 'सिरीज' दिसला की तो सोडू नका.

खरं तर आइन्स्टाइनसाठी प्रकाशकाच्या साइटवर जायची गरजच नाही. प्रिन्स्टन युनिव्हर्सिटी प्रेसने त्यांच्या समग्र लेखनाचे खंड डिसेंबर २०१४ पासून जालावर मोफत ठेवले आहेत. १९०५ चे लेख दुसऱ्या खंडात, मूळ जर्मन आणि सोबत इंग्रजी भाषांतर.

मासिकासाठी पुढे आणखी विषय लागतील, तेव्हा या जागा टिपून ठेवा. जुनं वैद्यक पबमेड सेंट्रलवरच आहे: 'ब्रिटिश मेडिकल जर्नल' १८४० पासून, त्यात डॉल आणि हिल यांचा धूम्रपान व फुप्फुसाच्या कर्करोगाचा १९५० चा लेखही. खगोलशास्त्राला नासाची एडीएस ही लेखांची सूची, जुन्या लेखांच्या स्कॅनसह. फ्रेंच विज्ञान अकादमीची कार्यवृत्तं गॅलिकावर, म्हणजे फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या जालावरच्या संग्रहात. जेस्टोर या नियतकालिकांच्या डिजिटल ग्रंथालयाने अमेरिकेत १९२३ पूर्वी आणि इतरत्र १८७० पूर्वी छापलेले लेख २०११ मध्ये खुले केले. तिथे शोधताना आपल्याला उघडता येतील तेवढेच दाखवा हा पर्याय निवडा, नाहीतर कुलपांचीच यादी येते. त्यांचं फुकट खातं काढलं तर नवे लेखही ३० दिवसांत १०० पर्यंत पडद्यावर वाचता येतात, उतरवून मात्र घेता येत नाहीत.

भाच्याच्या साइटबद्दल. बहुधा तो साय-हबबद्दल बोलत असावा. प्रताधिकार मोडून चालणारी ती साइट आहे. अमेरिकेतल्या न्यायालयाने २०१७ मध्ये तिच्याविरुद्ध दीड कोटी डॉलरच्या भरपाईचा निकाल दिला आणि अनेक देशांत ती रोखलेली आहे. नावाची नक्कल करणाऱ्या साइटही तितक्याच, आणि त्या काय उतरवून देतील याचा नेम नाही. वापरू नका. तुमच्या यादीतल्या तीन जुन्या लेखांना तिची गरजच नाही, आणि चौथ्याला वर सांगितलेले पाच-सहा उंबरे अजून शिल्लक आहेत.

मराठीत आणण्याचा प्रश्न थोडा किचकट आहे. लेखातली माहिती, आकडे, प्रयोगाची रीत तुमच्या शब्दांत सांगायला कुणाचीच परवानगी लागत नाही. श्रेय द्या, झालं. मजकुराचं भाषांतर छापायचं असेल तर परवाना बघा. लेखावर सीसी बीवाय, म्हणजे क्रिएटिव्ह कॉमन्सचा श्रेय देऊन वापरायचा खुला परवाना, असं लिहिलं असेल तर श्रेय देऊन आणि भाषांतर केल्याचं नमूद करून खुशाल छापा. एनसी जोडलेलं असेल तर व्यापारी वापर नको; मासिक विकत असाल तर विचारून घ्या. एनडी असेल तर भाषांतर छापता येत नाही. आणि परवान्याचा उल्लेखच नसेल, तर लेख वाचायला उघडा आहे, पुन्हा छापायला नव्हे.

जुन्यांत न्यूटन आणि मेंडेल केव्हाच मुक्त झाले. आइन्स्टाइनचा मृत्यू १९५५ चा. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं मोजणाऱ्या देशांत मूळ जर्मन लेख २०१६ च्या आरंभी मुक्त झाले, ७० मोजणाऱ्यांत २०२६ च्या. पण भाषांतराचा हक्क मूळ लेखापासून वेगळा असतो. प्रिन्स्टनच्या इंग्रजी पानावरून मराठी केलंत, तर ते त्या इंग्रजीचं भाषांतर ठरतं आणि परवानगी तिथे मागावी लागते. जर्मन येणारं कुणी सोबतीला घ्या, किंवा आशय स्वतःच्या शब्दांत मांडा. मेंडेलच्या बाबतीत तोही प्रश्न नाही: रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या नियतकालिकात १९०१ मध्ये छापलेलं इंग्रजी भाषांतर आता हक्कमुक्त आहे. पहिल्या अंकासाठी मेंडेलच घ्या.